रेडिओची पाळी

अण्णा, तुमचा रेडिओ सध्या माझ्याकडं आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना. भोकरदनच्या शाळेत तुम्ही नागरिकशास्त्र शिकवायचे अन् मी पहिल्या बाकावर बसायचे, मास्तरांची पोरगी म्हणून जरा तोऱ्यातच. एक दिवस तुम्ही वर्गाला विचारता, इस्रायल अन् पॅलेस्टाइनचं भांडण कसं मिटवाल? मी टुणकन उठते, फळ्यावर रेघ मारते. हे यांचं, ते त्यांचं, झालं! मग त्या मारवाडी कापड दुकानदाराची पोरगी उठते. "सर, आपल्याकडं थोरला भाऊ वाटे घालतो अन् धाकटा आधी उचलतो. तसंच करा की. कायदा एकानं लिहायचा, बाजू दुसऱ्यानं आधी निवडायची. मंग कुणी कुणाला कमी हक्क लिहिणारच न्हाई. देश एक करा न्हाईतर दोन करा, मत, कोर्ट, रस्ता, पाणी सगळ्यायला बराबर." तुम्ही खुर्चीतून उठलात. मला म्हणालात, "तुला रेघ मारता येती, दुसऱ्याच्या जागी बसता येत न्हाई." अन् ज्या रेडिओच्या बटणाला हात लावला म्हणून मी रट्टे खाल्ले होते, तो तुम्ही तिला देऊन टाकला, बातम्या ऐकत जा म्हणून! त्या संध्याकाळी मी जेवले नाही. तुम्हाला पत्ताही नव्हता. ताटावर बसून तुम्ही आईला तिचंच कौतुक सांगत होता.

आता तुमच्याच शाळेत तोच विषय मी शिकवते. ती कापडवाल्याची पोरगी संभाजीनगरला वकील आहे. गाझाच्या बातम्या बघून पोरं प्रश्न विचारायला लागली, तर हेडसरांनी बोलायला तिला बोलावलं. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! एका पोरानं विचारलं, "मॅडम, हक्क बराबर दिले तरी भीती कशी जाईल? दोघायचीबी माणसं मेली ना." ती म्हणाली, "लगेच न्हाई जाणार. पण एकाला हक्क अन् दुसऱ्याला नुसती परवानगी, असं राह्यलं तर कधीच न्हाई जाणार." मीही टाळ्या वाजवल्या, आतून जळत. वर शेवटी म्हणते कशी, "हे मला आपल्या अण्णांनी शिकवलं." 'सर' नाही म्हणाली, 'अण्णा' म्हणाली. अन् वर 'आपल्या'!

मग तिनं पिशवीतून रेडिओ काढला. "याच्यावर तुझाबी हक्क आहे. तू वाटे घाल, मी उचलते." एका रेडिओचे वाटे कसे घालणार? मी म्हटलं, सहा महिने एकीकडं, सहा महिने दुसरीकडं. आधी उचलायचा मान तिचा, तर तिनं नंतरचे महिने उचलले. "तू आधी ठेव," म्हणाली. तिथंही मोठेपणा तिनंच नेला.

तिची पाळी दिवाळीलाच सुरू झाली. परवा तिचा फोन आला, तर मी सांगितलं, दुरुस्तीला टाकलाय. बिलकुल नीट चालू आहे, अण्णा. हे लिहिताना शेजारी बातम्याच लागल्यात. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तर लिहिता आलं. वर्गात मी समान हक्क शिकवते अन् अगदी मनापासून शिकवते. पण तुमच्यात मला बराबरीचा वाटा नको. तुम्ही मला सगळेच्या सगळे पाहिजेत.