सुपातला केर

अहो,

मी घागरी घेऊन टँकरच्या रांगेला गेले. तुमी डेअरीत दूध घालून आलात की आधी हे वाचा, मग चहा.

माझ्या हातून चूक झाली. आपल्या पोराच्या, भारतच्या तिकिटावर होतं, मुंबईहून रात्री अडीचला निघून लंडनला सकाळी साडेसातला पोचणार. मी पाच तास धरले अन् साडेसात वाजता घर झाडून काढलं. मग केजहून मुक्ताचा फोन आला. म्हणली, आई, तिथले साडेसात म्हंजे आपले दुपारचे बारा, विमानाला साडेनऊ तास लागतात. लेकरू अजून आभाळात, अन् मी त्याच्यामागं केरसुणी फिरवली! गेलेलं माणूस पोचल्याबिगर घर झाडू नये, हे पोरींना मीच सांगत आले.

केर बाहेर टाकला न्हाई. उंबऱ्याच्या आत सुपात ठेवलाय. फोन खिडकीत हाय, तिथंच रेंज येते. बारानंतर वाजल, तो तुमीच उचला. काल तो निघाला तवा तुमी डेअरीतून आलाच न्हाईत.

पोचलो म्हणला की केर उकिरड्यावर टाका. त्यात त्याच्या बुटाची माती हाय. टाकवलं न्हाई तर राहू द्या.