केळीच्या चिकाचं पुस्तक

रावेर
बुधवार, १२ फेब्रुवारी

ताई,

तुला आणि दाजींना जय भीम. आई बरी आहे, गुडघा सोडून. नानांची केळी कटाई जोरात चालू आहे. तुझी अकिनी दोन पोळ्या खाते आणि तिसरी कुत्र्याला देते. तुझे पाय अजून सुजतात का? बाळाला महिनाच राहिला आता, दवाखान्यात ड्युटीवर जास्त उभी राहू नको.

आई अकिनीचे केस विंचरायला शिकली. आधी कंगवा अडकला की दोघी रडायच्या. आता आई बोटांनी खोबरेल लावते आणि गल्लीतल्या बायकांना विचारते, असे दाट केस कोणाच्या नातीला आहेत का, दाखवा.

तू फोनवर म्हणालीस, रविवारी येते आणि पोरीला पुण्याला घेऊन जाते. मी नुसतं हं हं केलं. मला फोनवर बोलायला सुचत नाही, तुला माहीत आहे. म्हणून हे पत्र आणि सोबत एक पुस्तक, शेजारच्या रवींद्रभाऊंच्या हाती पाठवते. ते उद्या पुण्याला निघताहेत. आधी पत्र वाच. मग पुस्तक उघड. मग ठरव.

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, हिच्या कानामागं पांढरं काय आहे. मी म्हणाले, पिठात खेळली. पीठ खरं होतं. खेळली हे खोटं.

अंगणवाडीतून एक गोष्टीचं पुस्तक आणलं होतं, पोरं-पोरी जत्रेला जातात ते. सगळी गोरी, गुलाबी गालांची. अकिनी प्रत्येक पानावर बोट ठेवून विचारायची, मावशी, यात मी कोणती? माझं फॉल-पिकोचं काम राहिलं होतं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, तू नाहीस यात.

एवढंच म्हणाले, ताई.

दुसऱ्या दिवशी ती ज्वारीच्या पिठाच्या डब्यापाशी सापडली. तोंड, मान, हात, सगळं पिठानं माखलेलं. तेच पुस्तक उघडून म्हणाली, "आता बघ ना, आहे का मी?"

मी तिला धुतलं आणि तुला खोटं सांगितलं.

मग मी दुकानातून रंगीत खडू आणले. त्यातला गुलाबी खडू दाखवून दुकानदार म्हणाला, हा अंगाचा रंग. कोणाच्या अंगाचा, ते काही त्यानं सांगितलं नाही. आपल्या घरात तर कोणाचाच नाही.

शेवटी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू मशीनवर शिवल्या आणि आपल्याच घरातल्या माणसांचं पुस्तक केलं. एकेका पानावर एकेक माणूस, खाली दोन ओळी त्याची गोष्ट. केनियातली किसुमूची आजी, तुझी सासू, ती पण आहे, तू पाठवलेल्या फोटोवरून काढली. रंगासाठी नानांनी आणलेल्या घडाचा चीक घेतला, सुकला की तो तपकिरी होतो. आईला पाणी घालून पातळ लावला, मला थोडा जास्त, अकिनीला घट्ट. मस्त जमला.

केळीवाल्याची पोरगी मी, आणि चीक नंतर आणखी काळा पडत जातो हेच विसरले. दोन दिवसांनी पुस्तक उघडलं तर आपण सगळे एकसारखे. आई म्हणाली, "व माय, मी एवढी काळी?" अकिनी म्हणाली, "छान दिसते तू, आजी." आई ते पान चहा संपेपर्यंत बघत बसली.

मी नवीन करते म्हणाले, पण पोरीनं पुस्तक सोडलंच नाही. ती ते घेऊन नानांकडे गेली. तुला माहीत नाही, नोव्हेंबरात तू नानांच्या लग्नापासूनच्या रागापायी घरी न येता भुसावळ स्टेशनवर तिला आईच्या हाती देऊन तिथूनच परत गेलीस, तेव्हापासून नानांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. 'ए पोरी' म्हणायचे. नाना कटाईवरून येऊन सदरा काढत होते. तिनं सदऱ्यावरचे डाग बघितले आणि पुस्तकातले नाना बघितले. म्हणाली, हा तोच रंग आहे.

नाना म्हणाले, "हा जात नाही, अकिनी. चाळीस वर्षं धुऊन पाह्यला."

"मग कशाला धुता?"

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आता मी रोज अंगणवाडीत ते पुस्तक वाचून दाखवते. सतरा पोरं असतात. शाळेत बाईंनी वाचायला उभं केलं की माझा आवाज जायचा, त्यापायीच शाळा सुटली. इथं पहिल्या दिवशीही आवाज नाही गेला. आता पोरं घरून लग्नपत्रिका आणतात, माझ्या घरातली माणसं काढ म्हणतात. अकिनी चीक लावते आणि सांगते, थांबा, अजून रंग येईल.

काल नानांनी सगळं पुस्तक चाळलं. मग विचारलं, "पुनम, हिच्या बापाचं पान कुठं आहे वं?" मी म्हणाले, तुम्ही रागवाल म्हणून नाही काढलं. ते म्हणाले, "फोटोवरून काढू नको. त्याला समोर बसव."

शेवटचं पान कोरं आहे, बघ. चिकासाठी घडाचा दांडा नाना रविवारी ताजा आणणार आहेत.

पीठ माझ्यामुळं लागलं होतं. त्यासाठी तू मला हवं ते बोल, मी ऐकून घेईन. पण रविवारी पोरीला न्यायला येऊ नको. दाजींना आणि पुस्तक घेऊन घरी ये. स्टेशनवर नाही, घरी.

आठवीतून घरी बसलेली, आता रोज मोठ्यानं वाचणारी,
तुझी
पुनम