डिस्क नंबर दोन

१६ नोव्हेंबर, रविवार. पहाटे (८.४०)

आजपासून रोजनिशी. शिस्त पाहिजे. क्लासच्या पोरांना मी कायम सांगतो, शिस्त म्हणजे अर्धं कराटे. पोरं सध्या तीन आहेत. थंडीमुळे.

मोठी बातमी. 'लाथाळे-बुक्के २' आता घरी बघता येणार. बारा डिसेंबरला डीव्हीडी निघतेय, दोन डिस्कची. पहिलीवर सिनेमा. दुसरीवर कापलेले सीन, अडतीस मिनिटं, आणि त्यांच्यावर डायरेक्टरची कॉमेंट्री. अडतीस मिनिटांत मी असणारच.

पुढे मुलाखतीत विचारतील म्हणून डिटेल लिहून ठेवतो. इन्स्पेक्टर लाथाळे तापट, हवालदार बुक्के भित्रा. दोघांचं पटत नाही, पण गुंड दिसले की पाठीला पाठ लावून कुंगफू करतात. दुसऱ्या भागात गुंडांचा अड्डा जिनिंगमध्ये. कापसाच्या गाठींवर उड्या मारणारे फायटर पाहिजे होते. सेलूत कापूस आहे आणि मी आहे. मी आणि माझा दोस्त चंद्रभान, दोघं गेलो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, हैदराबादजवळच्या स्टुडिओत, अकरा दिवस. मी गुंड नंबर चार. माझी हिरोशी समोरासमोर फाईट झाली. (हिरोच्या डुप्लिकेटशी. पण जास्त जोरात डुप्लिकेटच मारतो.) तोंडावर काळा मास्क होता. नुसत्या डोळ्यांतून अभिनय करणं सगळ्यांना जमत नाही.

यंदा ऑगस्टमध्ये परभणीला सिनेमा लागला. घरचे, सासरचे, क्लासची पोरं, दोन जीप भरून नेले. सीन नव्हता. एडिटिंगमध्ये काहीतरी घोळ. येताना रोहिणी दुसऱ्या जीपमध्ये बसली. रोहिणी म्हणजे मिसेस, सरकारी दवाखान्यात नर्स. पुढच्या महिन्यात तिची जिंतूरला बदली झाली. मुलीला, अर्पिताला पण घेऊन गेली, कॉलेजसाठी. ऑर्डरमध्ये 'विनंतीवरून' असं छापलंय. टायपिंग मिस्टेक.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डीव्हीडी बुक केली. पुढच्या महिनाभरात वजन सहा किलो कमी करायचं, रोज पाचला उठायचं, पाचशे किका मारायच्या. लोक सीन बघतील आणि मग मला बघतील. दोन्ही माणसं एकच वाटली पाहिजेत.

आज उठलो साडेसातला. पण जाग पाचलाच आली होती. किका साठ. क्वालिटी चांगली.

२३ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. २१ डिसेंबर, रविवार, दुपारी दोन. क्लासच्या हॉलमध्ये जाहीर शो. आधी डिस्क दोन, मग सिनेमा. पन्नास खुर्च्या. चहाचा इंतजाम बायनाबाईकडे. बायनाबाई म्हणजे शेजारीण, हॉल झाडते, माझा डबा पण तीच देते. तिने विचारलं, पन्नास माणसं कोण कोण हायेत भाऊ. मी म्हणालो, नावं काढायची बाकी आहेत.

रोहिणीला फोन केला. ती म्हणाली, रविवारी ड्यूटी असती. मी म्हणालो, बदलून घे. ती म्हणाली, बघते. एकोणीस वर्षांच्या संसारात मला एक कळलंय, तिचं 'बघते' म्हणजे 'येते'.

अर्पिता म्हणाली, बाबा, लिंक पाठवा ना. लिंक नसते, डिस्क असते, हे समजावून सांगितलं. तिने विचारलं, मग ती डिस्क कशात घालतेत?

हल्लीच्या पोरांना काही माहीत नसतं.

१ डिसेंबर, सोमवार

तीनपैकी एका पोराचा बाप येऊन गेला. पोराला ट्यूशन लावलीय म्हणाला. उरले दोन. छोटी बॅच, जास्त लक्ष. परदेशात असंच असतं.

संध्याकाळी घर लय मोठं वाटायलंय. टीव्ही चालू ठेवला.

रोहिणीने हा सीन का बघायला पाहिजे, ते एकदा लिहून काढतो. शूटिंगच्या नवव्या दिवशी पहाटे पाचला फोन आला, सासूबाई गेल्या. सरजाबाई. पाथरी तालुक्यातल्या त्यांच्या गावी. नेमका त्याच दिवशी माझा सीन. मी मास्क, ड्रेस सगळं मापाचं घेतलेलं. मी निघालो असतो तर सत्तर माणसांचं युनिट खोळंबलं असतं. कंटिन्युइटी म्हणजे काय, हे घरच्यांना समजावून सांगणं अवघड. मी रोहिणीला म्हणालो, सीन झाला की निघतो.

चंद्रभान मात्र साडेपाचला बॅग उचलून निघाला. त्याचा पण त्याच दिवशी सीन होता. सासूबाई माझ्या, आणि निघाला तो. अनप्रोफेशनल. तो मला स्टुडिओच्या गेटवर जे बोलला ते इथं लिहीत नाही. तेव्हापासून बोलचाल बंद आहे. पहिली चूक त्याची, त्यामुळे पहिला फोन त्यानेच करायचा असं आहे.

रोहिणी त्या विषयावर कधीच काही बोलली नाही. म्हणजे तिला पटलेलं असणार. फक्त सीन एकदा डोळ्यांनी दिसला की विषय पूर्ण क्लिअर होईल. आपला माणूस कशासाठी थांबला होता ते तिला दिसेल.

६ डिसेंबर, शनिवार

आज महापरिनिर्वाण दिन. पांढरा शर्ट इस्त्री केला. पुतळ्यापाशी जाऊन हार घातला, वंदना घेतली. दरवर्षी तिघं जायचो. विहारातल्या एका म्हाताऱ्या आजीने विचारलं, सूनबाई कुठाय. ड्यूटीवर, म्हणालो.

आज सिनेमाचं काही लिहायचं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

डीव्हीडी निघाली. आपल्याकडे आली नाही. सेलू रेल्वेलाइनवर असून उपयोग नाही.

वजन केलं. दीड किलो वाढलंय. मसल.

१५ डिसेंबर, सोमवार

डीव्हीडी आली होती शनिवारीच. मी झोपलो होतो म्हणून कुरिअरवाल्याने बायनाबाईकडे दिली. तिने दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली. बरोब्बर मापाची हाय, म्हणाली. पुसून घेतली. कव्हरवर लाथाळे आणि बुक्के हवेत. मागे बारीक अक्षरात फायटरांची नावं. भिंगाने बघितलं. 'आणि इतर' असं आहे. इतरमध्ये मी.

दुपारी प्लेअर काढायला माळ्यावर चढलो. प्लेअर नाही. रोहिणीला फोन केला. ती म्हणाली, चार वर्षांमागं भंगारात तुमीच दिला. मला आठवत नाही, पण वाद घातला नाही. टीव्हीला पेनड्राइव्हचं भोक आहे, डिस्कचं नाही. मुंजाजीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. तो हसला आणि माझ्यासाठी चहा मागवला. कुणी मेल्यावर मागवतात तसा. म्हणाला, असली मशीन आता एकट्या चंद्रभानकडं असंल, तो काही टाकत न्हाई.

पर्याय शोधायचे. उद्या दोन ठिकाणी बघतो.

१८ डिसेंबर, गुरुवार

पर्याय नाहीत. नऊ ठिकाणी बघितलं.

चंद्रभानच्या दुकानात गेलो. स्टेशनरोडला मोबाइल रिपेअरिंग आहे त्याचं. एक वर्ष दहा महिन्यांनी आत पाय ठेवला. काय बोलायचं ते घरी पाठ केलं होतं. सुरुवात 'मी मागचं सगळं विसरायला तयार आहे' अशी होती. तिथे गेल्यावर तोंडातून एवढंच आलं की डीव्हीडी प्लेअर पाहिजे.

तो एका फोनचा डिस्प्ले चिकटवत होता. मान वर न करता म्हणाला, माळ्यावर हाय, शिडी घे. मीच चढलो, मीच काढला. त्याने तो फडक्याने पुसला, वायर लावून चालतोय का बघितलं, पिशवीत घालून दिला. केस पांढरे झालेत त्याचे. मी म्हणालो, रविवारी दोन वाजता ये. तो म्हणाला, दुकान असतंय.

येणार. त्याला राग असता तर प्लेअर पुसून दिला असता का?

२१ डिसेंबर, रविवार. सकाळी ११

खुर्च्या मांडल्या. स्वतःलाच सांगतोय, सिद्धोधन, शांत राहा. डिस्क आधी लावून बघण्याचा लय मोह होतोय, पण लावणार नाही. पहिल्यांदा सगळ्यांबरोबर.

रोहिणीचा मेसेज आलाय, येते. अर्पिताचं स्वेटर आणि गोधड्या न्यायच्यात. हे तिचं कारण. बायकांना सरळ सांगता येत नाही.

२१ डिसेंबर. संध्याकाळी ६

अडीचपर्यंत वाट पाहिली. आलेले: क्लासचं एक पोरगं (दुसऱ्याकडे लग्न), बायनाबाई, आणि चहा. चहा पन्नास माणसांचा होता.

चंद्रभान आला नाही. मी बायनाबाईला म्हणालो, रविवारी बाजार असतो, लोकांना वेळ होत नाही. ती म्हणाली, लावा भाऊ, मी बघते की.

डिस्क दोन लावली. पहिल्या वीस मिनिटांत मी नाही. बुक्केचं एक गाणं कापलंय, लाथाळेची एक मावशी कापलीय. पोरगं ट्यूशन आहे म्हणून उठलं. रविवारी कसली ट्यूशन.

तीनला रोहिणी आली. आधी घरी जाऊन आली होती, दोन पिशव्या भरलेल्या. दारातच उभी राहिली. मी खुर्ची पुसून दिली तरी बसली नाही. साडेचारची गाडी हाय म्हणाली.

आणि तेवढ्यात सीन आला. गाठींची रास, दिवे, धूळ. सहा गुंड. मी उठून उभा राहिलो. सगळ्यांना काळे मास्क. सगळे सारख्याच उंचीचे. डुप्लिकेट येतो, फिरतो, सहा जण पडतात. डोळे बिळे काही दिसत नाहीत. पूर्ण सीन अकरा सेकंद.

वरून डायरेक्टरचा आवाज आला. तो हसत बोलत होता. म्हणाला, हा सीन स्क्रिप्टमध्ये नव्हताच. त्या दिवशी हिरो आला नाही, दिवे लागलेले होते, माणसं दिवसभर बसून होती, म्हणून संध्याकाळी टाइमपास म्हणून घेऊन ठेवला. वापरायचा नाही हे तेव्हाच माहीत होतं.

मी रिमोट दाबला. बंद करायचं होतं, पण मागे गेलं. सीन परत लागला. तो आवाज पण परत लागला, टाइमपास म्हणून घेऊन ठेवला.

बायनाबाईने विचारलं, ह्यात तुमी कोणते भाऊ. मला कळेना. डावीकडून चौथा म्हणून एकाकडे बोट दाखवलं. रोहिणी दारातून म्हणाली, तो न्हाई. त्याच्या शेजारचा. पडायच्या आधी मागं वळून बघतो तो.

तिसऱ्यांदा लावून बघितलं. तोच मी होतो.

मी म्हणालो, कसा वाटला. ती म्हणाली, गाडी चुकंल माझी. गोधड्यांची पिशवी जड होती. स्टँडपर्यंत मी धरतो म्हणालो. नको म्हणाली.

सिनेमा लावला नाही. बायनाबाईने उरलेला चहा गल्लीत वाटला.

२२ डिसेंबर, सोमवार

तब्येत बरी नाही. क्लास बंद.

डायरेक्टर गमतीत बोलला असेल. कॉमेंट्रीत लोक गमतीत बोलतात. तिसऱ्या भागासाठी आत्तापासून तयारी केली तर

२८ डिसेंबर, रविवार

प्लेअर परत द्यायला चंद्रभानकडे गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्याने स्टूल सरकवलं. बसलो. मग त्यानेच विचारलं, दिसला का सीन. मी म्हणालो, दिसला. टाइमपास म्हणून घेतला होता.

तो हसला नाही. हसेल असं वाटलं होतं.

सासूबाई गेल्या त्या दिवशी गावात काय काय झालं, हे मी आजपर्यंत कुणालाच विचारलं नव्हतं. आज त्याला विचारलं. त्याने हातातलं काम खाली ठेवून सांगितलं. बस, जीप, मग मोटारसायकल, असं करत तो साडेतीनला पोचला. मयत बाराला उचलायची ठरली होती. रोहिणीने थांबवून धरली होती. माझा माणूस निघालाय, म्हणत होती सगळ्यांना. तिच्या मामांनी दोनदा घाई केली, ऊन वाढायलंय म्हणाले. तिने ऐकलं नाही. चंद्रभान मोटारसायकलवरून उतरला तेव्हा ती पळत रस्त्यापर्यंत आली आणि त्याच्या मागं बघायला लागली, अजून कुणी उतरतंय का. तो म्हणाला, मला तोंड वर करता येईना रे सिद्धू. चारला उचलली. जावयाच्या जागी खांदा त्यानेच दिला.

मी उठलो. तो म्हणाला, चहा सांगतो. थांबलो नाही.

रेल्वेगेटपाशी उभं राहून रोहिणीला फोन लावला. ती वॉर्डात होती. मी म्हणालो, आई गेल्या त्या दिवशी मी यायला पाहिजे होतं. मग तिने विचारलं, चार वाजता काय करत होतात तुमी?

मला आठवत होतं. खोटं सुचलं पण होतं, दोन-तीन प्रकारचं. मी म्हणालो, पंख्यासमोर बसलो होतो. मास्कमध्ये घाम येत होता म्हणून. बाकी काही काम नव्हतं.

मग ती म्हणाली, कुणीतरी हाक मारायलंय, ठेवते.

हाक मला ऐकू आली नव्हती.