डोळे मिटून काम

मंगळवार, ४ मार्च

आज मालिकेत मला ट्रकनं उडवलं! मेले नाही, नुसती बेशुद्ध. मरायचं की उठायचं, ते चॅनेल ठरवणार. लेखक म्हणाला, "ताई, तोवर पडून राहा. झोपल्याजागी पगार!" हसावं की रडावं?

चार भागांची शेजारीण म्हणून आले होते. मग सून झाले, आई झाले, गेल्या वर्षी सासू. दुपारच्या मालिकेत नऊ वर्षं गेली. आता या वयात दुसरं कोण उभं करणार?

बुधवार, ५ मार्च

दिवसभर डोळे मिटून. नाकात नळी. पापणी हलली की रीटेक. पाठीचा पार भुगा.

शुक्रवार, ७ मार्च

काहीतरी विचित्रच झालं. नवरोबाचा सीन होता. मालिकेतला माझा नवरा, म्हणून सेटवर सगळे त्याला नवरोबाच म्हणतात. माणूस तुसडा. "जरा सरक, माझा लाइट अडतोय" यापलीकडे नऊ वर्षांत माझ्याशी धड बोललेला नाही. आज माझा हात धरून ठरलेली दोन वाक्यं म्हणाला — आणि थांबलाच नाही! "तू समोर असलीस की मला सुचत नाही गं. म्हणून तुटक वागतो. तुला कळत असेल, असं धरून चाललो."

माझ्या मनगटावर पाणी पडलं. मेकअपताई शपथेवर सांगते, ग्लिसरीन लावलं नव्हतं.

दिग्दर्शक खूश. हे कुठे लिहिलं होतं? कुठेच नाही!

शनिवार, ८ मार्च

चहा घेताना ह्यांना विचारलं, "एखादा माणूस वर्षानुवर्षं धड बोलत नाही, आणि एकदम गोड बोलायला लागतो. म्हणजे काय?"

पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "काहीतरी काम अडलं असेल."

ह्यांचं सगळं सरळ. मी उगाच चिडले. भाजी करपली.

मंगळवार, ११ मार्च

आज पुन्हा! "पहिल्यांदा दिसलीस तेव्हा तुझी चप्पल तुटली होती. हातात धरून चालत होतीस."

माझी तुटली होती? आठवत नाही. चपला काय, सगळ्यांच्याच तुटतात! पण मग रात्री जेवताना माझं लक्ष कुठे होतं? लेक म्हणाली, "आई, तू मीठ दोनदा घेतलंस."

गुरुवार, १३ मार्च

राहवेना. कॅन्टीनमध्ये गाठलाच. "हे सगळं कुणाला बोलतोस तू?"

कप खाली ठेवला.

"माझी बायको इस्पितळात आहे. खरोखरची बेशुद्ध. मेंदूत रक्त साकळलंय. तिच्यापाशी तोंडातून शब्द फुटत नाही, नुसता बसून येतो. इथे तू डोळे मिटून असतेस ना... मग सुटतं."

धरणी दुभंगावी असं झालं. मेली मी काय काय समजून बसले होते! त्या बिचारीचं काय चाललंय, आणि मी चपला आठवतेय!

आणि — इथे खोटं कशाला लिहू — थोडं वाईटही वाटलं. माझ्यासाठी.

शुक्रवार, १४ मार्च

आज जराही हलले नाही. बोल बाबा, बोल.

बुधवार, १९ मार्च

तिला शुद्ध आली! मला मेकअपताईकडून कळलं. नवरोबा माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

आणि मीही जगणार! त्याच्या रडण्यावर प्रेक्षक फिदा, म्हणून चॅनेलनं मला उठवायचं ठरवलं. सोमवारी सीन. मी डोळे उघडायचे, समोर तो.

आनंद झालाय ना मला? झालाय. मग दूध उतू गेलं तरी मी तिथेच उभी का होते?

हे म्हणाले, "रविवारी तिला भेटून ये. बरं दिसतं."

रविवार, २३ मार्च

इस्पितळात गेले होते. तो औषधं आणायला खाली गेला होता. तिचे केस काढलेले, आवाज धाग्याएवढा. मला ओळखून हसली.

धीर द्यावा म्हणून म्हटलं, "तुमच्यापाशी त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही म्हणे. नुसते बसून राहायचे."

"नुसता? छे! रोज बोलायचा. मला डोळे उघडता येत नव्हते, पण ऐकू येत होतं सगळं."

"काय बोलायचे?"

तिनं माझा हात हातात घेतला. "तुमच्याबद्दल. तुम्हाला माहीत नव्हतं?"

उद्या सकाळी पहिलाच सीन माझा आहे.