सायोकोचा नंबर वेगळा

सेंदाई,
६ नोव्हेंबर २०१७

ती. किनुएताईस,
सा. न. वि. वि.

बुद्धाने जरा, व्याधी आणि मरण ही दुःखं सांगितली. मोबाइलचा दोन वर्षांचा करार संपणं त्याने का वगळलं, हे इतकी वर्षं कॉलेजात संस्कृत ग्रंथ शिकवूनही मला उमगलेलं नाही. करार ज्या महिन्यात संपतो, त्याच महिन्यात दुकानात जाऊन मान सोडवून घ्यायची. महिना चुकला की माणूस पुन्हा दोन वर्षं बांधलेला. कर्माचा नियमसुद्धा इतका कडक नाही.

म्हणून काल रविवारी सायोकोला घेऊन गेलो. मला काळा फोन हवा होता. दुकानातल्या मुलीने दोन काढले : एक काळा, आणि दुसरा, तिच्या म्हणण्याप्रमाणे, रात्रीचा काळा. मी दोन्ही खिडकीपाशी उजेडात नेले, परत आणले, पुन्हा नेले. मुलगी अदबीने म्हणाली की सर, कव्हर घातलं की दोन्ही सारखेच दिसतात. मी म्हटलं, बाई, आत्म्याविषयीही काही लोक असंच म्हणतात. त्यावर तिने कमरेत वाकून माझी माफी मागितली. अशा माणसाशी वाद कसा घालणार? रात्रीचा घेतला.

सायोकोने लाल घेतला, चटकन. आणि आपला नंबर आमच्या कुटुंबाच्या योजनेतून काढून स्वतःच्या नावावर करून घेतला. योजना माझ्या नावावर, त्यामुळे माझी सही लागली. केली. एका हातात फोन असल्याने जरा वाकडी आली.

तुझं मुळ्याचं लोणचं फर्मास. मार्चमध्ये निवृत्त झालो की शिकायलाच येतो. सायोकोचा नमस्कार.

धाकट्यावरची माया आटू देऊ नये, ही विनंती.

तुझा,
तात्सुहिको


मात्सुए,
११ नोव्हेंबर

चि. तात्सुहिकोस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोन काळ्या फोनांवर एवढं पुराण, आणि बायकोवर चार ओळी! त्यातही एक तुझ्या सहीच्या वळणावर. अरे शहाण्या, सही करण्यापूर्वी तिला विचारलंस का, की का गं बाई, वेगळं कशाला?

आमच्या शेजारचे नेगिशी तुला ठाऊक आहेत. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्यांनी दिलेला गुच्छ मिरवत घरी आले, तर टेबलावर चहा झाकून ठेवलेला, आणि शेजारी घटस्फोटाचा कागद, बाईंची सही होऊन तयार. त्याआधी वर्षभर ती एकेक गोष्ट आपल्या नावावर करून घेत होती. आधी खातं, मग फोन. नेगिशी अजून गल्लीभर सांगत फिरतात की मला कसली कल्पनाच नव्हती. कशी असेल? सह्या करण्यात गुंतलेले होते ना!

सायोको तसंच करेल असं मी म्हणत नाही. मला ती काही बोललेली नाही, आणि मी विचारणारही नाही, कारण ते काम तुझं आहे. मेलेल्या भाषेत दिवसभर बोलतोस, जित्या बायकोशी एक वाक्य जमू नये? समोरासमोर होत नसेल तर फोनवर विचार. दोघांकडे नवे कोरे आहेत.

थंडी वाढली आहे, पाय गरम ठेव. सायोकोला आशीर्वाद. माझ्या रागाला लोभच समजावं.

तुझी,
ताई


सेंदाई,
१९ नोव्हेंबर

ती. किनुएताईस,
सा. न. वि. वि.

आज्ञेप्रमाणे फोन केला. कॉलेजातून परतताना स्टेशनाबाहेर एका खांबाआड उभा राहिलो. सायोकोने उचलला आणि पहिलंच विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, सगळे आहेत. एरवी मी फोन करत नाही, त्यामुळे तिचा प्रश्न तर्काला धरूनच होता.

मग मी धीर करून विचारलं की वेगळं झाल्यावर कुटुंबाची सवलत जाते, हे तुला माहीत आहे ना? ती म्हणाली, माहीत आहे. मी म्हटलं, मग ठीक. ती म्हणाली, मुळा शिजत आलाय, येताना त्याला लावायला मोहरीची ट्यूब आणा.

आणली. घरी पोचल्यावर कळलं, मोहरीची नव्हे, आल्याची आणली. पूर्वी ती म्हणाली असती की एवढे ग्रंथ वाचता, ट्यूबवरची दोन अक्षरं वाचवत नाहीत का. या खेपेला काही बोलली नाही. आलं लावून शांतपणे जेवली. ताई, त्या फोनपेक्षा मला हे जास्त लागलं. जी बाई भांडायची थांबली, तिला समजवायचं कुठून?

तू म्हणतेस, एकच वाक्य. मला ते येतं. मार्चनंतर तू इथेच राहणार ना, एवढंच. ती ताटं उचलते तेव्हा रोज ते अगदी ओठांवर येतं, आणि मी बातम्यांचा आवाज वाढवतो.

तिने सवलतीविषयी जसं सांगितलं, तशाच सुरात याचंही उत्तर दिलं तर? म्हणून विचारत नाही. ती जाईल अशी मला भीती वाटते, आणि ती जायला मला नको आहे.

तुझा,
तात्सुहिको