गुडघा कुणाचा

ता. ३ फेब्रुवारी

चि. चिंगीस काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला इतका उशीर झाला, म्हणून आधी कान पकडतो. रोज कागद पुढे घ्यायचो आणि तुझ्या काकूच्या गुडघ्यानं हाक मारली की उठायचो. जिना तिला आता पायरीवर बसून उतरावा लागतो.

कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले की नवीन सुई निघाली आहे, गुडघ्यात टोचली की झिजलेलं सगळं परत भरून येतं. त्यांनी भिंतीवर एक फोटो काचेत लावलाय. सुई घेतलेल्या सत्तरीच्या बाईचा गुडघा म्हणे, मोठ्या जर्नलमध्ये छापून आलेला. खाली बारीक अक्षरांत नावं, आणि त्यांत तुझं! माझी छाती अशी फुगली की बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं, आमच्या घरातल्या पोरीचं काम आहे, बिनधास्त घ्या. काकू तर एका पायावर तयार आहे. दुसऱ्याचा उपयोगच नाही.

महिनाअखेरीस सुई ठरली आहे. पण माझ्या जिवाला चैन नाही. उलटली तर? आखडली तर? तू आतली, तुला खरं ठाऊक. नुसतं हो किंवा नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझा काका


ता. ११ फेब्रुवारी

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

काकूला सुई देऊ नका. आधी पूर्ण वाचा, मग घाबरा. तुमचा क्रम नेहमी उलटा असतो.

भिंतीवरचा तो गुडघा सत्तरीच्या बाईचा नाही. माझा आहे. हाडांचे फोटो काढायचं नवं मशीन आलं तेव्हा फोटो नीट निघतो का हे बघायला कुणाचा तरी धडधाकट गुडघा हवा होता, म्हणून मीच आडवी झाले. आमच्या सरांनी तोच फोटो ‘उपचारानंतर’ म्हणून छापला. तुमच्या सायकलच्या कॅरिअरवरून मी पडले होते तेव्हा हाडाचा टवका उडाला होता ना, तो त्यात स्पष्ट दिसतो. सुई घेतलेल्या काही बायकांचे गुडघे उलट आखडून बसले. त्या बायका लेखात कुठेच नाहीत.

छापून आल्यावर हे माझ्या लक्षात आलं आणि मी जर्नलच्या संपादकांना कळवलं. आता गंमत ऐका. त्यांनी माझी तक्रार चौकशीसाठी सरांकडेच पाठवली. सरांनी सरांची चौकशी केली आणि सर निर्दोष सुटले. मग मी माझ्या गुडघ्याचा ताजा फोटो काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून पाठवले. उत्तर आलं की हा गुडघा ज्या व्यक्तीचा आहे तिची लेखी संमती जोडल्याशिवाय विचार करता येणार नाही. मी मला संमती दिली. त्यावर वर्ष लोटलं. आता कुठे लेखाच्या डोक्यावर एक ओळ आली आहे: या लेखाविषयी संपादक चिंता व्यक्त करीत आहेत. बस. लेख जागच्या जागी आहे.

सर माझ्याशी बोलत नाहीत, मशीनच्या खोलीची किल्लीही काढून घेतली. ते मनाला लावून घेऊ नका, त्यांचं बोलणं काही ऐकण्यासारखं नव्हतंच. काकूला जपा आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली चिंगी


ता. २० फेब्रुवारी

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

पत्र आधी पूर्ण वाचलं, मग घाबरलो, मग संताप आला. संताप बरा, त्यात अक्षर सरळ येतं.

चिंता व्यक्त करतात! पोरी, मी जन्मभर दुसरं काय केलं? गॅस बंद आहे का, कडी लावली का, पोरं पोचली का. मला कुणी संपादकाची खुर्ची दिली नाही. आणि मी निदान उठून गॅस बघून येतो. हे चिंता व्यक्त करतात आणि तोंड पुसून जेवायला बसतात. मी सातवीत शाळा सोडलेला कंडक्टर. आमच्यावर एखाद्या उतारूनं तक्रार केली तर ती आमच्याच हातात देऊन, बघा बुवा तुम्ही दोषी आहात का, असं कुणी विचारत नव्हतं. आधी खाली उतरवायचे, मग विचारायचे. ब्रेक सैल आहे असं कळलं तर काचेवर चिंतेची चिठ्ठी डकवून गाडी सोडत नव्हते. एवढे शिकलेले लोक, आणि यांना गाडी थांबवता येत नाही? थांबवायची नाही, असं म्हण. तुझ्याकडून तुझीच संमती मागताना त्यांना हसूही आलं नसेल, इतके ते गंभीर असतील. थू अशा गांभीर्यावर.

तुझं पत्र घेऊन काकूला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी संगणकावर पान काढलं, ती ओळ वाचली आणि म्हणाले की लेख मागे घेतला असं कुठे लिहिलंय, काळजी काय, सगळेच करतात. मी आपला घाम पुसत बसलो. काकू काठी टेकत फोटोपाशी गेली, नाक लावून तो टवका बघितला आणि म्हणाली की या गुडघ्याला मी स्वतः पट्टी बांधली आहे, ही बाई सत्तरीची नाही आणि भयंकर रडकी आहे. सुई घ्यायची नाही म्हणून सांगितलं आणि निघाली. जिना अजून बसूनच उतरते. पायरीगणिक तुझ्या सरांचा उद्धार करते, त्यानं म्हणे दुखणं कमी जाणवतं.

घरचं निभावलं. पण बाकावर त्या बायका बसल्या आहेत चिंगे, तुझ्या गुडघ्याच्या भरवशावर, आणि बिनधास्त घ्या म्हणून सांगणारा मीच. म्हणून रोज सकाळी तिथे जाऊन बसतो आणि एकेकीला खरं काय ते सांगतो. कंपाउंडर हाकलायला आला. त्याला म्हटलं, बाबा रे, मी कुठे काय करतोय, नुसती चिंता व्यक्त करतोय. दोघी उठून घरी गेल्या. तिसरी म्हणाली, छापलेलं खोटं कसं असेल, आणि आत गेली. तिला मी अडवू शकलो नाही. ते मला खातंय.

तू संपादकांच्या मागे लागायचं सोडू नकोस. किल्ली गेली तर जाऊ दे, घराचं दार उघडं आहे. आम्हां दोघांचा जीव तुझ्यात आहे, तुझाही आमच्यात राहू दे. आणि लेख मागे घेतला असं छापून येईल त्या दिवशी, दुसरं काही न लिहिता, तेवढंच कळव. तोवर मी बाकावर आहे. लवकर कळव गं.

तुझा काका