विड्याच्या पानासारखी पानं

मी, सौ. सत्यशीला छगन अनारसे, वय ६८, राहणार सावेडी, अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. दडपण आहे ते सोमवारच्या हृदयाच्या ऑपरेशनचं. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मला फार भीती वाटते. स्वतःसाठी कमी, यजमानांसाठी जास्त.

१. राहतं घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा वैजनाथ याला मिळावं. अट अशी की यजमान हयात असेपर्यंत घर विकू नये आणि त्यांची गॅलरी मोडू नये.

कारण लिहून ठेवते. मिरजगावला आमचा पानमळा होता, तो केव्हाच गेला. आता यजमानांना स्मृतिभ्रंश आहे. पोटचा मुलगा ओळखू येत नाही, वेल ओळखू येतो. म्हणून मी गॅलरीत फिलोडेंड्रॉनचे शोभेचे वेल लावले. मळ्यात शिरताना काढायचे तशा ते चपला दारातच काढतात आणि काठीला वेल बांधत बसतात. पण साध्या फिलोडेंड्रॉनचं पान हुबेहूब विड्याच्या पानासारखं. गेल्या दिवाळीत त्यांनी एक खुडलं, धोतराला पुसलं, चुना लावून चावलं. तोंड सुजलं, लाळ थांबेना, दवाखाना गाठावा लागला. नणंद रंगुबाई अख्ख्या गल्लीसमोर म्हणाल्या, "वैनी, माज्या भावाला इख चारलं व्हय?" हे मी विसरलेले नाही.

रंगुबाईंच्या हट्टापायी कुंड्या गच्चीवर नेल्या. दुसऱ्या दिवशी यजमान मळा शोधायला निघाले ते मनमाड रस्त्यावर, ट्रकांच्या मध्ये, अनवाणी सापडले. कुंड्या मी त्याच दिवशी खाली आणल्या. इकडे आड, तिकडे विहीर. आजही दाराची कडी वाजली की मी हातातलं काम टाकून दाराशी जाते.

२. साधा वेल, पिवळ्या पट्ट्याचा ब्राझील आणि मखमली मायकन्स, ही विड्याच्या पानासारखी दिसणारी सगळी झाडं पारनेरची भाची ज्ञानेश्वरी हिला. तिच्या घरी लहान मूल नाही, शेळीही नाही.

३. गॅलरीत फिलोडेंड्रॉनच्या फक्त फ्लोरिडा आणि बर्किन या दोन जाती ठेवाव्यात. फ्लोरिडाचं पान बोटं फुटल्यासारखं असतं, त्याला विड्याचं पान कुणी समजणार नाही. शिवाय तो चढतो, म्हणजे यजमानांना बांधायला वेल राहील. बर्किन चढत नाही, पण त्याचे पांढरे पट्टे बघत ते शांत बसतात. सूनबाई सुरेखा, कडक ऊन लागू देऊ नकोस. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घाल. आपण दुष्काळातली माणसं, पाणी आलं की ओतत सुटतो आणि मुळं कुजतात. विषारी हीही झाडं आहेतच, तेव्हा चीक लागला की त्यांचे हात धुऊन दे. जेवणानंतर रोज खरं पान हातात दे.

४. दागिने आणि बँकेतली ठेव सुरेखाला. पुढची सगळी उस्तवार तिलाच करायची आहे.

५. पितळी पानडबा रंगुबाईंना. चुना ताजा आहे, जीभ भाजते, सांभाळून.

६. मी परत आले नाही तर यजमान विचारतील, "ही कुटं गेली?" पुन्हापुन्हा विचारतील. माहेरी गेली म्हणावं, दवाखान्यात आहे म्हणावं, वारली म्हटलं तरी चालेल. मळ्यात गेली असं मात्र कुणीही सांगू नये. ते मला आणायला निघतील.

सही : सत्यशीला छगन अनारसे

आमच्या समोर सही केली :
१. भिमाजी बन्सी खेतमाळीस, शेजारी
२. अजिनाथ वाल्मिक गुंड, शेजारी

ठिकाण : सावेडी, अहिल्यानगर
दिनांक : ७ जून २०२५